सहाशे सतरा नंबरचा अभिप्राय

पुस्तक कोणी किती वाचलं, हे मला ते परत आलं की कळायचं. विचारावं लागत नसे. पुस्तक टेबलावर कण्यावर उभं धरायचं आणि हात सोडायचे. जिथे ते जास्त वेळा उघडलं गेलंय, तिथेच ते आपणहून उघडतं. जाडजूड चरित्र असेल तर चाळिसाव्या पानाच्या आसपास, कारण तिथवर येऊन लोक टेकीला येतात. पाककृतींचं असेल तर लोणच्यांवर, आणि त्या पानावर हळदीचं बोट असतंच. एकतीस वर्षं मी इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या एका मराठी वाचनालयात ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल हा शब्द भारदस्त आहे, काम साधं आहे. पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, फाटलं तर चिकटवायचं आणि हरवलं तर भांडायचं. यातलं शेवटचं मला उत्तम जमायचं.

या अंकाच्या संपादकबाईंनी नोकरीवर लिहा म्हटलं, तेव्हा मी नाहीच म्हणालो होतो. टेबलामागे बसलेल्या माणसाच्या आयुष्यात काय घडणार? त्या म्हणाल्या, मग वाचकांवर लिहा. वाचकांवर लिहायचं तर एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते, आणि ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, कारण तीत माझी चूक आहे. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना विचारून लिहितोय. नावं मात्र बदलली आहेत, त्यांनी नको म्हटलं तरीही.

आमच्याकडे एक पद्धत होती, आजही आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक रेघी कागद चिकटवायचा. वाचून झालं की त्यावर अभिप्राय लिहायचा. नियम तीनच. अभिप्राय मराठीत हवा, खाली नाव न घालता कार्डाचा नंबर घालायचा, आणि कोणी काहीही लिहिलं तरी ग्रंथपालाने खोडायचं नाही. नाव नसल्यामुळे लोक खरं लिहायचे. चारचौघांत ज्या कादंबरीला 'अप्रतिम' म्हणायचे, तिच्या शेवटच्या पानावर त्याच अक्षरात 'झोप चांगली लागली' असं लिहिलेलं मी पाहिलंय. सुदामा नगरातले एक निवृत्त मास्तर होते, ते अभिप्रायात पुस्तकाविषयी अवाक्षर न लिहिता आधीच्या अभिप्रायांतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचे. एक बाई शेवटचं प्रकरण आधी वाचायच्या आणि त्याचा निकाल मागच्या पानावर लिहून मोकळ्या व्हायच्या, म्हणजे पुढच्याची रहस्यकथा संपलीच. त्यांच्याशी मी नऊ वर्षं भांडलो. त्या जिंकल्या.

वर्धापनदिनाला वर्षातला उत्कृष्ट अभिप्राय वाचून दाखवायची प्रथा होती. तो निवडायचं काम माझं. आधी नंबर पुकारायचा, मग अभिप्राय वाचायचा. ज्याचा असेल त्याने वाटलं तर उठून यायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी गुपचूप येऊन बक्षीस न्यायचं. बक्षीस म्हणजे नारळ आणि एक पुस्तक. पूर्वी मला सगळे नंबर पाठ होते. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी कॉम्प्युटर आला, कार्डं नव्याने दिली, नंबर बदलले आणि माझी पाठांतराची विद्या वाया गेली. हे आत्ताच सांगून ठेवतो. आणखी एक, आमचं कार्ड घराचं असतं, माणसाचं नसतं. एका नंबरावर सबंध घर वाचतं.

आता मूळ पुस्तकाकडे येतो. तरुण सभासद गळत होते. इंदूरची आमची मुलं घरात मराठी बोलतात, म्हणजे क्रियापद मराठी आणि बाकी सगळं हिंदी, आणि वाचतात इंग्रजी. त्यांना धरून ठेवायला समितीने एक इंग्रजी कपाट घेतलं. कपाट आलं, त्याबरोबर मागणीवहीही भरू लागली. त्या वहीत एके दिवशी एक इंग्रजी कादंबरी मागितली गेली. पऱ्यांच्या राज्यातली प्रेमकथा. आणली. सहा महिन्यांत तिचं दोनदा बाइंडिंग करावं लागलं. मग दुसऱ्या भागाची मागणी आली, खाली नंबर सहाशे सतरा. मागणी करणारी मुलगी समोरच उभी होती, पल्लवी. माझ्या शाळेपासूनच्या मित्राची, नानाची, सून. मूळची भोपाळची, एका कंपनीत नोकरी, बोलणं भराभर. "काका, सेकंड पार्ट मागवा ना, प्लीज. पहिल्याचा एंड ऐसा छोड़ा है की झोप नाही लागत." मी मागवला. नंबराकडे मी पाहिलंही नाही, कारण माणूस पुढ्यात असताना नंबर कोण पाहतो?

पुस्तकाचं नाव सांगत नाही, उगाच खप वाढायचा. मुखपृष्ठावर उघड्या अंगाचा, पंखवाला एक गडी होता. मी त्याला खाकी कागद घातला. यातली परी म्हणजे आपल्या गोष्टींतली नाजूक बाई नव्हे. इथले पुरुषही परीच्या जातीचे, सहा फुटी, रागीट आणि राजघराण्यातले. नायिका साध्या माणसाची मुलगी, देवळांच्या घंटा ओतणाऱ्याची. पहिल्या भागात राजपुत्र तिला उचलून नेतो. दुसऱ्या भागात त्याला शाप मिळतो की तिला विचारल्याशिवाय तिच्या अंगाला हात लावलास तर तुझे पंख गळून पडतील. म्हणून तो आधी विचारतो, ती हो म्हणते, आणि मग दहा-दहा पानं हवेचा तुटवडा पडल्यासारखी दोघं वागतात.

अभिप्रायाचं पान पंधरा दिवसांत भरलं. दुसरा कागद चिकटवावा लागला. कॉलेजातल्या कोणीतरी लिहिलं, 'पहिला पार्ट जास्त भारी. यात हीरो विचारत बसतो, टाइमपास करतो.' त्याखाली लगेच दुसऱ्या अक्षरात, इंदुरी थाटात, 'विचारतो म्हणूनच भारी आहे, भिया.' रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका सभासदाने लिहिलं, 'राजपुत्रास पंख असूनही तो तीन दिवस घोड्यावरून प्रवास करतो. लेखिकेने खुलासा करावा.' एका गृहिणीने लिहिलं, 'दुपारी वाचायला बसले, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, वरण करपलं. पुस्तक चांगलं आहे.' या वाचकांच्या भाषेत शृंगाराला स्पाइस म्हणतात, म्हणून एका मुलीने लिहिलं, 'स्पाइस भरपूर, स्टोरी पतली.' त्यावर कोणा ज्येष्ठाने वळणदार अक्षरात शेरा मारला, 'सराफ्यात रात्रीची चाट खायला येऊन वरणभात मागू नये.' मी ते पान वाचून एकटाच हसत बसायचो. एकतीस वर्षांत इतकं जिवंत पान मी पाहिलं नव्हतं.

मग नानाची तक्रार आली. नाना समितीवर होता. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, सरळ, शिस्तीचा, माणूस म्हणून सोनं, पण एकदा मनाने घेतलं की घेतलं. घरातल्या टेबलावर पुस्तक दिसलं, उघडलं, आणि त्याच्या अंगावर काटा आला. खात्यातली सवय, तक्रार मोघम करायची नाही. आठवडाभर रोज सकाळी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसला आणि आक्षेपार्ह पानांची तपशीलवार यादी करून आणली. पृष्ठ सत्त्याऐंशी, दुसरा परिच्छेद. पृष्ठ एकशे एकेचाळीस ते एकशे एकोणपन्नास, संपूर्ण. शेजारी शेरा, 'अत्यंत'. आमच्याकडे लेखी तक्रार आठ दिवस फळ्यावर लावायचा नियम आहे. लावली. दोन दिवसांत पोरांनी त्या यादीचे मोबाइलवर फोटो काढले आणि पुस्तकासाठी चौदा जणांची रांग लागली. ती रांगही फळ्यावरच होती, नंबरांची, आणि सगळ्यात वर पुन्हा सहाशे सतरा; लावणारं कोण, इकडे माझं लक्ष नव्हतं. नाना मला म्हणाला, "बघ वसंता, लोक जागे होताहेत." मी मान हलवली. मित्राचं समाधान का मोडा?

समितीने मला पुस्तक वाचून मत द्यायला सांगितलं. माझी बायको, प्रभा, जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. घरी एकटाच असतो, त्यामुळे संकोच करायला समोर कोणी नव्हतं, तरी मी पडदा ओढून घेतला. आधी सवयीने पुस्तक कण्यावर उभं धरलं आणि सोडलं. माझी खात्री होती की ते एकशे एकेचाळिसावर उघडणार. ते दोनशे त्रेसष्टवर उघडलं. नानाच्या यादीत ते पान नव्हतं. मी पुन्हा उभं धरलं, पुन्हा तेच. वाचलं. त्या पानावर काही घडत नाही. नायिका दिवसभर भट्टीपाशी काम करून पायरीवर बसलेली आहे, आणि राजपुत्र येऊन विचारतो, आज दमलीस का? ती हो म्हणते. तो शेजारी बसतो. प्रकरण संपलं. पडदा ओढायची काही गरज नव्हती.

पुस्तक ठेवावं, असं मी समितीला लिहून दिलं. आणि वर्धापनदिनासाठी अभिप्राय शोधायला शेवटचं पान उघडलं, तेव्हा सगळ्यात खाली एक नवा दिसला. बारीक, उजवीकडे झुकलेलं, शाळेत गिरवून घेतलेलं अक्षर. तो असा होता:

'दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला. पहिल्या भागात राजपुत्र फक्त देखणा आहे. शृंगाराची वर्णनं बरीच आहेत. ती वाचली, लाज वाटली नाही, थोडा कंटाळा आला, कारण सगळी एकाच चालीवर आहेत. पण एका ठिकाणी तो तिला विचारतो, आज दमलीस का? हात लावायचा नसताना विचारतो. शापाने त्याला हे विचारायला सांगितलेलं नव्हतं. तिथे मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिले. आपल्या घरातल्या पुरुषांना पंख नसतात, त्यामुळे काही गळून पडायची भीतीही नसते. चौतीस वर्षांत मला हे कोणी विचारलेलं नाही. तक्रार नाही, फक्त नोंद करून ठेवते.'

खाली सहाशे सतरा.

मी खुर्चीतून उठलोच. अहो, लोक साहित्य संमेलनात जाऊन एवढं सरळ लिहू शकत नाहीत. हाच वाचायचा, ठरलं. कोणाचा आहे हे कॉम्प्युटरवर पाहायला दोन मिनिटं लागली असती. पाहिलं नाही, कारण न पाहण्यातच प्रथेचा मान आहे, असं मला वाटायचं. शेवटच्या दोन वाक्यांपाशी मात्र मी अडखळलो. सभागृहात कुटुंबं बसलेली असणार. कोणा बाईचं चौतीस वर्षांचं दुखणं माइकवरून सांगणं बरं दिसेल का? ही दोन वाक्यं वाचायची नाहीत, असं मी ठरवलं. मला वाटलं मी तिची काळजी घेतोय. ग्रंथपालाने खोडायचं नाही हा नियम मी एकतीस वर्षं पाळला आणि शेवटच्या वर्षी तोंडाने मोडला.

रविवारी दुपारी वरच्या सभागृहात कार्यक्रम झाला. पहिल्या रांगेत नाना, शेजारी सुमनवहिनी, मग त्यांचा मुलगा अमोल आणि पल्लवी. मी नंबर पुकारला आणि अभिप्राय वाचला. पंखांच्या वाक्याला बायकांमध्ये जे हसू फुटलं, ते थांबेचना. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतली पोरं पल्लवीकडे बघून शिट्ट्या मारायला लागली. फळ्यावरच्या रांगेत पहिला नंबर तिने लावलेला त्या पोरांनी पाहिला होता. पल्लवी गोंधळून मान हलवत होती, नाही-नाही म्हणत होती. अमोलने मान खाली घातली होती. नाना लालबुंद झाला होता. बक्षीस घ्यायला कोणी उठलं नाही. सुमनवहिनी काय करत होत्या, हे मला आठवत नाही, कारण मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांच्याकडे पाहायचं कोणाच्या मनातही आलं नाही. पोहे-जिलेबीला न थांबता चौघं निघून गेले.

मी खाली आलो आणि कॉम्प्युटर लावला. सहाशे सतरा, नाना. मग न वाचलेली दोन वाक्यं पुन्हा वाचली. पल्लवीच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. चौतीस वर्षांपूर्वी ज्या लग्नाच्या वरातीत मी फेटा बांधून नाचलो होतो, ते नानाचं लग्न. सुमनवहिनी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवायच्या. लग्नानंतर नोकरी सोडली. मला हे माहीत होतं आणि मी ते पार विसरून गेलो होतो. त्यांची पुस्तकं नेहमी नानाच न्यायचा, स्वतः निवडून.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच नाना पायरीवर उभा होता. कार्ड टेबलावर ठेवून म्हणाला, बंद कर. चारशे माणसांसमोर सुनेने माझ्या मुलाचं नाक कापलं, म्हणाला. माणसं शंभरसुद्धा नव्हती, पण ते सांगायची वेळ नव्हती. घरी पल्लवी म्हणत होती, मी लिहिलं नाही. कोणी विश्वास ठेवत नव्हतं. अमोल तिच्याशी बोलत नव्हता. नानाला ते पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. पुस्तक माझ्या खणात होतं. पुस्तक बाहेर गेलंय, असं मी त्याला सांगितलं. पन्नास वर्षांच्या मैत्रीत त्याच्याशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं. पान दाखवलं तर पल्लवी सुटणार होती आणि वहिनी अडकणार होत्या. दाखवलं नाही तर उलट. दोन्ही माझ्यामुळे.

संध्याकाळी ऑफिसातून सरळ पल्लवी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, काका, पान दाखवा, फोटो काढून घरी दाखवते. तिचा हक्क होता. मी खणातून पुस्तक काढून पुढे केलं. तिने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला थांबली. हे अक्षर ती रोज किराण्याच्या यादीत बघत होती. मग हळूहळू शेवटपर्यंत वाचलं. मोबाइल हातात तसाच राहिला.

"काका, हे कोणाला दाखवू नका," ती म्हणाली. "मीच लिहिलं असं सांगते घरी."

मी म्हटलं, अगं, तुझा काय दोष यात?

"माझं काय, अमोल दोन दिवस मुंह फुलवून बसेल, मग नॉर्मल होईल. मी भांडून घेईन. आईंचं तसं नाही ना. त्या इतक्या सालांत पहिल्यांदा काही बोलल्या, आणि ते पण नाव न घालता."

मी तिला थांबवायला हवं होतं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. सहासष्ट वर्षांचा मी आणि एका पोरीच्या आडोशाला उभा राहिलो. तिने घरी जाऊन सगळ्यांसमोर कबूल केलं, न लिहिलेल्याची माफी मागितली. हे मला अमोलकडून कळलं, तो दुसऱ्या दिवशी राहिलेली पुस्तकं परत करायला आला तेव्हा. तो काही वाईट मुलगा नाही. म्हणाला, "काका, मी खरंच तिला कधी विचारत नाही का? मला वाटतं विचारतो."

चार दिवस असे गेले. मी रोज ठरवायचो की आज नानाकडे जाऊन बोलायचं, आणि रोज एखादं पुस्तक चिकटवायला घ्यायचो.

शनिवारी दुपारी नाना आला. त्याच्या पुढे सुमनवहिनी होत्या. एकतीस वर्षांत त्या नानाच्या पुढे चालत वाचनालयात आल्याचं मला आठवत नाही. मागे पल्लवी, चेहरा पडलेला. वहिनींनी टेबलापाशी येऊन त्या पुस्तकाचं नाव घेतलं, पूर्ण, स्वच्छ इंग्रजीत, आणि म्हणाल्या, काढा. मी पल्लवीकडे पाहिलं. तिने मागून नको म्हणून मान हलवली.

"तिच्याकडे काय बघता, भाऊजी? पुस्तक काढा."

मी काढलं. त्यांनी शेवटचं पान उघडलं, माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि सहाशे सतराच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं. माहेरचं नाही, सासरचं, नानाच्या नावासकट, पूर्ण. नियमाने नाव घालता येत नाही. मग त्यांनी पुस्तक फिरवून नानापुढे ठेवलं.

"हे पल्लवीचं नाही, माझं आहे. पूर्ण वाचा, भाऊजींनी शेवट वाचलाच नव्हता. चार दिवस ती माझ्या वाटचं ऐकून घेतेय आणि मी गप्प बसून ऐकलं. सासू म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण घास उतरत नव्हता."

नानाने चष्मा बदलला. वाचलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. आम्ही तिघं उभे होतो, पंखा चालू होता, वाचनकक्षातले दोन म्हातारे पेपरच्या वरून बघत होते. नानाने मान वर केली आणि त्याला सुचलं ते एवढंच, "तू हे पुस्तक वाचलंस?"

"तुम्ही सकाळी यादी करून फिरायला गेलात की मी घ्यायचे," वहिनी म्हणाल्या. "दोन ठिकाणं सुटली आहेत तुमच्याकडून."

पल्लवीला हसू आवरेना, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. वहिनींनी तिचा हात धरला आणि तिला इंग्रजी कपाटाकडे घेऊन गेल्या. तिकडे दोघींचं काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. वहिनी एकेक पुस्तक काढून मागची पानं बघत होत्या आणि पल्लवी डोळे पुसत काहीतरी सांगत होती.

नाना टेबलापाशीच थांबला. सोमवारी ठेवून गेलेलं कार्ड तिथेच पडलेलं होतं, ते त्याने बोटाने माझ्याकडे सरकवलं. चालू करायचं आहे हे मला कळलं. मी कॉम्प्युटरवर नंबर घातला. माझं काम चालू असताना तो कपाटाकडे, त्या दोघींकडे बघत होता.

"सुनेची माफी मागतो घरी गेल्यावर," तो म्हणाला. "अमोलसमोर." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण हिला काय म्हणू, ते कळत नाहीये रे. आता उठून एकदम विचारलं तर तिला वाटेल पुस्तकातलं बघून विचारतोय."

मी म्हटलं, वाटू दे.

त्याने कार्ड खिशात घातलं. "तू विचारायचास का रे, वसंता? प्रभाला?"

मला खोटं बोलता आलं असतं. आदल्या सोमवारीच एक बोललो होतो. प्रभा सकाळी साडेपाचला उठायची. मी रात्री वाचनालय बंद करून घरी पोचायचो, तेव्हा ताट झाकून ती जागी असायची, आणि मी जेवता जेवता तिला वाचकांच्या गमती सांगायचो, पंचवीस वर्षं.

"नाही," मी म्हणालो. "मला वाटायचं, दमली तर सांगेल."